तरुण मंडळाची वही

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगांव तालुक्यांत गोरेगांव नांवाचें गांव आहे. मराठवाड्यांतील अशा कोणत्याहि गांवीं गेलें तर तरुणांच्या उत्साहाची वाण दिसत नाहीं. मंडळ निघतें, वर्गणी जमते, झाडें लाविलीं जातात, गणपति बसतो. पण पांच वर्षांनंतर त्या कामांचें पुढें काय झालें असें विचारलें, तर तिघांच्या तोंडून तीन हकीकती ऐकूं येतात. तरुणांनीं आपल्या कामाची नोंद कां ठेवावी, आणि वडीलधाऱ्यांनीं त्यांना त्या कामीं साह्य कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. कोरड्या उपदेशापेक्षां इतिहासाचा दाखला अधिक बोलका असतो. म्हणून प्रथम थोडें मागें जाऊं.

१८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं, प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तेव्हां अवघे बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षीं तिची मराठी शाखा, ज्ञानप्रसारक सभा, निघाली व व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष झाले. या तरुणांनीं १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढिल्या आणि आपापला व्यवसाय संभाळून त्यांत विनावेतन शिकविलें. आरंभीं त्या शाळांतून ४४ पारशी व २४ हिंदु मुली होत्या. हे आंकडे आज आपणांस सांगतां येतात, याचें कारण एवढेंच कीं ते त्या वेळीं कोणी तरी मोजले व लिहून ठेविले. सभेंत वाचलेले निबंधहि हवेंत विरले नाहींत. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक निघूं लागलें व तें १८६७ पर्यंत चाललें.

त्याच मुंबईंत, त्याच सुमारास, दुसरी एक सभा चालू होती. १८४९ सालीं स्थापन झालेली परमहंस सभा ती हीच. जातिभेद मोडावा हा तिचा हेतु. दादोबा पांडुरंग हे तिच्याहि संस्थापकांत होते, आणि राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते. पण तिचा सर्व कारभार गुप्त असे. १८६० सालीं सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं. आतां आपलीं नांवें चव्हाट्यावर येणार, या धास्तीनें सभा मोडली. तिची हकीकत पुढें कळली ती बाबा पदमनजी यांच्यासारख्या जुन्या सभासदांच्या आठवणींवरून. आणि तिचा साधार इतिहास अ. का. प्रियोळकरांनीं मोठ्या परिश्रमानें जुळवून प्रसिद्ध केला तो १९६६ सालीं, म्हणजे सभा बुडाल्यावर शंभरांहून अधिक वर्षांनीं. हेतूच्या उदात्ततेंत दोन्ही सभा तुल्य होत्या. परंतु एकीची नोंद चारचौघांत वाचण्याजोगी होती, म्हणून ती संस्थेचा आधार झाली. दुसरीची नोंद लपविण्याजोगी होती, म्हणून तीच संस्थेच्या नाशाला कारण झाली.

आतां गोरेगांवच्या मुलखाकडे वळूं. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत होता. सरकारी दफ्तराची भाषा उर्दू आणि कालगणना फसली. तिच्यांत व इसवी सनांत सुमारें ५९० वर्षांचें अंतर. १९२९ सालीं निघालेल्या गश्ती निशाण ५३ या फर्मानानें सभा भरविण्यास पूर्वपरवानगी आवश्यक केली. अशा राज्यांत सभासदांची यादी लिहिणें म्हणजे आपल्याच सोबत्यांविरुद्ध पुरावा तयार करणें होय. तेथील तरुणांनीं पुष्कळसें मनांत ठेविलें, कागदावर ठेविलें नाहीं. आणि त्यांत त्यांचा यत्किंचितहि दोष नव्हता. मात्र सरकारी अंमलदारांनीं आपल्या बाजूनें लिहिलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. त्या दिवशीं अठरा वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदी ओलांडून गेला आहे. असा एक वृद्ध गेला, म्हणजे एका गांवाच्या इतिहासाची एकुलती एक प्रत गेली.

आज ना गश्ती आहे, ना गुप्ततेची गरज. तेव्हां न लिहिण्याला सबबहि उरली नाहीं. उलट एक नवाच भ्रम माजला आहे. मोबाइलमध्यें छायाचित्र घेतलें, म्हणजे नोंद झाली असें तरुणांना वाटतें. छायाचित्रांत दहा मुलें व एक रोप दिसतें. तें रोप कोणी दिलें, त्याला उन्हाळ्यांत पाणी कोणीं घातलें, तें जगलें कीं वाळलें, हें त्यांत दिसत नाहीं. आणि मोबाइल बदलला कीं तें चित्रहि बहुधा जातें.

एक साधी बांधीव वही पुरे. तींत तारीख इसवी सनासह असावी. हजर माणसांचीं नांवें असावींत. काय ठरलें व तें कोणाकडे सोंपविलें, हें असावें. जमाखर्च पैशापर्यंत असावा. महत्त्वाची गोष्ट ही कीं, फसलेलें कामहि लिहावें. शंभर रोपें लाविलीं व साठ वाळलीं, ही ओळ पुढच्या तुकडीला दहा भाषणांपेक्षां अधिक शिकवील. लिहिण्याची पाळी दरमहा बदलावी, म्हणजे वही एकट्याची मिरास होणार नाहीं. वर्षाअखेर ती गांवकऱ्यांपुढें मोठ्यानें वाचावी, आणि एक नक्कल गांवच्या वाचनालयांत किंवा शाळेंत ठेवावी.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाहि यांत वांटा उचलतां येईल. आपल्यापैकीं अनेकांचें मूळ अशाच एखाद्या गांवीं आहे. सणावाराला गांवीं गेल्यावर तेथील मुलांना केवळ वर्गणी देऊन थांबूं नये. ‘वही दाखवा’ असें प्रेमानें म्हणावें. त्यांच्याऐवजीं आपण लिहूं नये, त्यांची भाषा सुधारण्याचा मोहहि टाळावा. प्रश्न मात्र विचारावे: हें केव्हां घडलें? कोण होतें? पैसे किती लागले? आणि त्यांतील एखाद्या मुलाला वहीसह गांवांतल्या नव्वदी ओलांडलेल्या आजोबांकडे किंवा आजींकडे बसवून द्यावें. मुंबईच्या विद्यार्थ्यांनीं मोजलेल्या अडुसष्ट मुली पावणेदोनशें वर्षांनंतरहि आपल्या हिशेबांत आहेत. गोरेगांवच्या मुलांनीं आज केलेलें कामहि उद्यांच्या हिशेबांत यावयाचें असेल, तर तें आजच वहींत उतरलें पाहिजे.