बोरकुटाचं कूळ

बोरकुटाचा मला सापडलेला सगळ्यात जुना लेखी पत्ता शतपथ ब्राह्मणातला आहे, आणि तोही दारूच्या प्याल्यात.

सौत्रामणी नावाचा एक याग आहे. सोम बेसुमार पिऊन इंद्राची गात्रं गळाली, अश्विनीकुमार आणि सरस्वतीनं त्याला बरं केलं, ती कथा या यागामागे आहे. यात सुरा लागते आणि त्या सुरेत कुवल, कर्कंधू आणि बदर यांचे ‘सक्तू’ घालायचे असतात. तिन्ही नावं बोराचीच. सक्तू म्हणजे आपला सातू. जळगाव-धुळ्याकडे वाळली बोरं उखळात कुटून, चाळून बरणीत भरतात, ते बोरकूट याहून वेगळं काय असतं? (इंग्रजी ‘बेरी’ आणि आपलं बोर एकच असं सांगणारे भेटतात. बेरी जर्मानिक भाषांकडची, बोर ‘बदर’कडून आलेलं. आवाज जुळला, गोत्र नाही.)

खरी गंमत शतपथाच्या बाराव्या कांडात आहे. इंद्राच्या शरीरातून काय काय गळालं याची तिथे जंत्रीच दिली आहे. पापण्यांतून गहू झाला, अश्रूंतून कुवल. नाकाच्या ओलाव्यातून बदर, तोंडातल्या फेसातून जव आणि लाळेतून कर्कंधू. म्हणजे बोर इथे फळांच्या टोपलीत नाही, धान्याच्या पंगतीत बसलं आहे. माझं सगळं म्हणणं या एका जागेवर उभं आहे: वाळवून कुटलेलं बोर हे मुळात पीठ होतं, पोटभरीचं होतं, चघळायचा आंबटगोड खाऊ ते फार पुढे झालं. पुढे वाग्भटानंही अष्टांगहृदयात अन्नाच्या प्रकरणात सातूंच्या शेजारीच बोरांच्या सातूला जागा दिली, आणि तो थकवा व तहान घालवतो असं म्हटलं. सकाळी शेतावर निघालेल्या माणसाला न्याहारीत दुसरं काय हवं असतं?

आता तीन बोरं कोणती, यावर भांडण आहे. अमरकोश ही नावं एकाच ओळीत पर्याय म्हणून बसवतो आणि मोकळा होतो. भावप्रकाशासारखे वैद्यकी निघंटू मात्र आकारानं लावतात: सौवीर मोठं नि गोड, कोल मधलं, कर्कंधू सगळ्यात लहान नि आंबट. कोशकाराला श्लोक जुळवायचा होता, वैद्याला औषध द्यायचं होतं. मी वैद्यावर विश्वास ठेवतो. आणि वैद्याची वाटणी खानदेशच्या बाजारात आजही लागू पडते. मोठ्या बोरांत खारकी आणि जळगावच्या मेहरूण तलावाचं नाव सांगणारं मेहरूण; मधलं गावठी; आणि बांधावरच्या काटेरी झुडपाचं चण्यामण्या. कर्कंधू म्हणजे हे चण्यामण्याच, असं मी खुशाल म्हणतो. कुवल म्हणजे मेहरूण असं म्हणायचा मोह मात्र आवरतो, कारण मोठी गोड बोरं कलमांनी जपावी लागतात. बी पेरून तेच फळ मिळेल याची खात्री नसते, मग इतक्या जुन्या नावाला आजची जात कशी चिकटवायची?

कुणी म्हणेल, बोरं वाळवणं मारवाडाकडून आलं, व्यापाऱ्यांच्या मागोमाग. वाळवंटात सगळंच वाळवतात, तेव्हा ऐकायला बरं वाटतं. पण नर्मदेकाठी महेश्वरासमोरच्या नावडातोलीला आणि घोडनदीकाठच्या इनामगावला, ताम्रपाषाणयुगातल्या घरांत बोराच्या जळक्या आठोळ्या मिळाल्या आहेत. बलुचिस्तानातलं मेहरगढ त्याहून कितीतरी जुनं, तिथेही बोर आहेच. नावडातोली आणि इनामगाव यांच्या मध्ये तापीचं खोरं येतं, ज्याच्या काठच्या सावळदा गावाचं नाव एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला दिलेलं आहे. दोन्ही शेजारी बोरं खात असताना मधला उपाशी बसला असेल, हे मला पटत नाही. जळकी आठोळी फळ ताजं खाल्लं की वाळवून, हे सांगत नाही, ही या पुराव्याची लंगडी बाजू. तरी माझा अंदाज असा, की रानातल्या माणसांचं हे पीठ आधी, आणि याज्ञिकांनी ते उचललं नंतर. वाघा-सिंहाचे केसही ज्या सुरेत टाकतात, तिथलं सामान रानातूनच येणार.

वाळवण्याची रीत दोन ओळींची आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत बोर न खाणारी घरं आहेत. संक्रांतीला सुगडात आणि बोरन्हाणात ती हवीतच. मग पौष-माघात झाडावरच सुरकुतायला लागलेली बोरं निवडायची, अळीची बाजूला काढायची, धाब्यावर जुन्या लुगड्यावर पसरायची. आठोळीवर ती खुळखुळायला लागली की झालं. कुटताना घाव बेतानं घालावा. आठोळी फुटली तर चाळूनही कचकच जात नाही. मीठ लावलेलं बोरकूट टिकतं, पण पावसाळ्यात त्याचा गोळा होतो, म्हणून काही घरं बोरं अख्खीच ठेवतात नि लागतील तशी कुटतात. गुळाबरोबर पाण्यात कालवून, भाकरीशी, नाहीतर नाचणीच्या सत्त्वात चमचाभर, सकाळी कसंही चालतं. परदेशी क्रॅनबेरी घालून घरी मुसली करणाऱ्यांनी आठोळी काढलेलं खारकी बोर एकदा घालून पाहावं.

झिंबाब्वेत याच झाडाला मसाऊ म्हणतात. झांबेझीच्या खोऱ्यात लोक त्याची फळं वाळवतात आणि त्या गराची लापशी करतात. तिथे सौत्रामणी कुणी केली नव्हती, पण बोर मात्र पुन्हा धान्याच्याच भांड्यात गेलं. झाडाच्या शास्त्रीय नावात मॉरिशस आहे, त्याचं खापर लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञावर; 1789 साली त्यानं ते नाव दिलं.

अलीकडे बाजारात ॲपल बोर दिसतं, हिरवंगार, लिंबापेक्षा मोठं. खायला बरं आहे. बोरकुटासाठी घेऊ नका. त्यात पाणीच फार, वाळल्यावर हाती सालीची चिरगुटं उरतात.