२५ सप्टेंबर १९७१ : मार्शलचा संघ पुन्हा जिंकला

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन येथे मार्शल विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने आजच्या दिवशी झेवियर विद्यापीठाला १५-१३ असे हरवले. अगदी शेवटच्या खेळीवर रेजी ऑलिव्हरने फेकलेला चेंडू झेलून टेरी गार्डनरने गोलरेषा ओलांडली. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, १४ नोव्हेंबर १९७० रोजी, सामन्याहून परतणारे याच संघाचे विमान कोसळले होते. ७५ जण गेले, त्यांत ३७ खेळाडू. नवे प्रशिक्षक जॅक लेंगेल यांनी विशेष परवानगीने प्रथम वर्षाची कोवळी पोरेही मैदानात उतरवली. त्या हंगामात दहापैकी दोनच सामने जिंकले. पुढे १९९९ मध्ये मार्शलचा संघ अपराजित राहिला; तरी त्याचा सर्वांत मोठा हंगाम १९७१चाच.