उसनी हेलिकॉप्टरं: 'अपॉकलिप्स नाउ'च्या शूटिंगची गोष्ट

ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये ऐकत असाल तर हेडफोन नीट लावा, कारण आज हेलिकॉप्टरं आहेत, वादळ आहे आणि एक हुकूमशहासुद्धा आहे.

मी दिवसभर कोड लिहितो. आमच्यात 'डिपेन्डन्सी' हा शब्द रोज कानावर पडतो. म्हणजे अशी गोष्ट, जिच्यावर तुमचं काम अडलेलं असतं, पण जी तुमच्या ताब्यात नसते. परदेशात सिनेमा शूट करायचा म्हणजे अशा गोष्टींची रांगच. १९७६ साली एका दिग्दर्शकाने या रांगेकडे काणाडोळा केला, त्याची ही गोष्ट.

दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला. 'गॉडफादर'मुळे तेव्हा त्यांचा दबदबा होता. त्यांना व्हिएतनाम युद्धावर सिनेमा करायचा होता. पण एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलं होतं. अमेरिकन युनिट तिथे जाणं शक्यच नव्हतं. मग तसंच जंगल, तशाच नद्या, तशीच भातशेती कुठे मिळेल? फिलिपिन्समध्ये.

युद्धपट म्हटला की हेलिकॉप्टर हवंच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मदत नाकारली. कथेत एका अमेरिकन अधिकाऱ्याला मारायला अमेरिकन लष्करच माणूस पाठवतं, हे त्यांना कसं पटणार? मग कोपोला गेले फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्याकडे. मार्कोस यांच्या सैन्याकडे अमेरिकन बनावटीची 'ह्यूई' हेलिकॉप्टरं होती. पैसे द्या आणि वापरा, असा सौदा ठरला.

कागदावर प्लॅन झकास! पण देशात १९७२ पासून मार्शल लॉ होता आणि सरकार बंडखोरांशी लढत होतं. म्हणजे ही हेलिकॉप्टरं आधीच ड्यूटीवर होती. झालं असं, की ऐन शॉटच्या वेळी हेलिकॉप्टरं निघून जायची, खऱ्या लढाईला. पायलटही बदलायचे. आदल्या दिवशी रिहर्सल केलेला पायलट दुसऱ्या दिवशी येईलच याची खात्री नाही. शूटसाठी अमेरिकन खुणा रंगवायच्या आणि मग पुसून परत करायची. तक्रार कोणाकडे करणार? मालकच सरकार!

दुसरी डिपेन्डन्सी होती पावसाची. शूटिंग सुरू झालं २० मार्च १९७६ ला. फिलिपिन्समध्ये आधी सिनेमे केलेले निर्माते रॉजर कॉर्मन यांनी त्यांना सांगितलं होतं, जाऊ नका, मे ते नोव्हेंबर पाऊस असतो. आपल्याकडे जुलैत कोकणात आउटडोअर शेड्यूल लावण्यासारखंच हे. पण तोवर सगळं ठरून गेलं होतं. मे महिन्याच्या अखेरीस ओल्गा नावाचं वादळ आलं. इबा गावाजवळचे सेट उद्ध्वस्त झाले, शूटिंग बंद पडलं आणि बरीचशी मंडळी अमेरिकेला परतली. स्थानिक लोक या वादळाला 'दिदांग' म्हणतात. त्यात तिथली दोनशेहून जास्त माणसं गेली. सिनेमाच्या इतिहासात मात्र ते 'सेट पडले ते वादळ' एवढंच उरलं.

पुढे मार्च १९७७ मध्ये नायक मार्टिन शीन यांना हार्ट अटॅक आला. वय ३६. खर्च फुगत गेला आणि कोपोला यांनी स्वतःची मालमत्ता तारण ठेवली. काही महिन्यांत आटपायचं शूटिंग मे १९७७ पर्यंत चाललं. शूटिंगचे दिवस भरले २३८!

सिनेमा १९७९ साली कान महोत्सवात पाम द'ऑर घेऊन आला. त्यामुळे लोक म्हणतात, बघा, वेडेपणा केला म्हणूनच मास्टरपीस झाला. मला हे पटत नाही. त्यांचं नशीब बलवत्तर होतं आणि गहाण टाकायला घर होतं. आपल्यापैकी कोणी शॉर्ट फिल्म घेऊन परदेशी निघालं, तर तेवढी सोय नसते.

म्हणून निघण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्या महिन्यात तिथलं हवामान कसं असतं? मिळणाऱ्या वस्तूचा मालक कोण? आणि त्या मालकाला तीच वस्तू स्वतःसाठी लागली, तर आपला नंबर कितवा?

तिसरा प्रश्न फक्त शेड्यूलचा नाही. बालेरच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्यासमोर खोटा हल्ला करणारी हेलिकॉप्टरं शूट संपल्यावर खऱ्या माणसांवर जाणार होती. आणि सिनेमा होता युद्धाच्या भयानकपणावर. भाड्याचे पैसे कोणाच्या हातात जातात, हाही प्लॅनिंगचाच भाग आहे.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!