चाकांचें ओझें : बोरघाटांतील वाहनांची ने-आण

वाहन हें ओझें वाहण्यासाठीं असतें. परंतु कांहीं रस्ते असे असतात कीं, तेथें पोंचतांच वाहन स्वतःच ओझें होऊन बसतें, आणि त्याला वाहून नेणारें दुसरें कोणी तरी शोधावें लागतें. खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाट हा शेंकडों वर्षें असाच रस्ता होता. खालीं कोंकणपट्टी, वर मावळ, आणि दोहोंमध्यें सुमारें अठराशें फुटांची उभी भिंत. तांड्यांच्या बैलांना आणि हमालांना या भिंतीचें भय नव्हतें. बंदरांतून निघालेलें मीठ त्यांच्या पाठीवरून बिनबोभाट वर येई. पाठीवरचा माल पाठीबरोबर वांकतो व पाय जेथें ठरेल तेथें ठरतो. चाकाला मात्र पाय नसतो. दहांत एक असा चढ असला, तर शंभर मणांचा गाडा सुमारें दहा मणांच्या जोरानें सतत मागें खेंचला जात असतो. बैल दमले म्हणून ही ओढ क्षणभरही दमत नाहीं. म्हणूनच चढावर गाडीवानाचा एक सोबती हातांत धोंडा घेऊन चाकामागें चाले, आणि बैल थांबतांच तो धोंडा चाकाखालीं सरकवी. इतक्या साध्या उपायावर माणसांचे व जनावरांचे प्राण अवलंबून असत.

या भिंतीचा खरा हिशेब एका फौजेला चुकवावा लागला. १७७८ च्या नोव्हेंबरांत रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज निघाली. लढणारे सुमारें ३,९०० आणि सामानाला १९,००० बैल, असा तो लवाजमा होता. कॅप्टन स्टुअर्टची आघाडीची तुकडी झपाट्यानें घाटमाथ्यावर गेली, कारण तिला पायांनींच चढावयाचें होतें. मुख्य फौजेजवळ तोफा होत्या. तोफ म्हणजे आपल्याच गाड्यावर बांधलेली ओतीव धातूची नळी. ती सैल झाली तर गाडा मोडते, आणि गाडा सुटला तर मागच्या माणसांना चिरडते. तोफांसाठीं घाटांत रस्ता फोडावा लागला, आणि सबंध फौज खंडाळ्यास पोंचेपर्यंत डिसेंबरची अखेर आली.

पुढें तर मावळची सपाट वाट होती. पण खंडाळ्याहून तळेगांवपर्यंतच्या सुमारें वीस मैलांना या फौजेनें पंधरवडा घेतला. मराठ्यांनीं वाटेवरचा चारा व धान्य नाहींसें केलें होतें, आणि मंद चालणाऱ्या या गाड्यांच्या शेपटावर त्यांचे स्वार रोज तुटून पडत. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानें स्टुअर्ट पडला. मराठ्यांनीं या शत्रूच्या शौर्याचें कौतुक करून त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटलें. त्याचें स्मरण वडगांवकरांनीं अजून ठेविलें आहे. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोंचली, तों गांव ओसाड. पुणें अवघें अठरा-वीस मैल उरलेलें असतां ११ च्या रात्रीं माघार घेण्याचें ठरलें. तेव्हां घाट चढवून आणलेल्या जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटून दिल्या आणि सामानाला आग लावली. दोन-तीन मैल मागें वडगांवापर्यंतच कसेंबसें जातां आलें. तेथें महादजी शिंद्यांच्या घेऱ्यांत तह करावा लागला. इंग्रज इतिहासकार या पराभवाचें खापर मुख्यतः सेनापति व समिति यांच्या आपसांतील भांडणावर फोडतात. भांडण होतें हें खरेंच. पण ज्या तोफा वर चढवावयास महिना लागला, त्या खालीं उतरवावयास किती दिवस लागतील, हा प्रश्न त्या रात्रीं तळ्याच्या कांठीं कोणालाच टळला नसेल. उतार हा चढापेक्षां कठीण असतो, हें गाडीवानाला ठाऊक असतें. सेनापतीला तें कधीं कधीं उशिरा कळतें.

पुढें पुण्यास रेसिडेंट राहूं लागला, आणि चार चाकांच्या गाड्या घाटाच्या पायथ्याशीं येऊं लागल्या. रस्ता त्यांच्यासाठीं नव्हताच. म्हणून गाडी एक तर सुटी करून तिचे भाग डोक्याखांद्यांवरून न्यावयाचे, नाहीं तर सबंध सांटा वाशांना टांगून हमालांनीं पालखीसारखा उचलावयाचा. या कामांतील खरें कसब दोराचें. टांगलेलें ओझें झुलूं लागलें कीं त्याचा झोंका प्रत्येक वळणावर पुढच्या खांद्यांवर येतो, आणि एकाचा पाय घसरला तर सगळे दरीच्या बाजूस ओढले जातात. म्हणून सांटा वाशाला नुसता अडकवून चालत नाहीं. तो वाशाशीं आंवळून, दोहों बाजूंनीं ताण देऊन बांधावा लागतो. साहेब तट्टावर वा पालखींत बसून पुढें जाई आणि त्याची गाडी त्याच्या मागून माणसांच्या खांद्यांवर येई. हा देखावा हास्यास्पद खरा; पण खालीं ज्यांचे खांदे सोलून निघत त्यांना त्यांत हसण्यासारखें कांहीं नव्हतें.

१८३० च्या जानेवारींत गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें घाटांतून गाडीरस्ता बांधावयास घेतला, आणि १० नोव्हेंबरला तो स्वतः अनेक गाड्यांसह त्या रस्त्यानें खालीं उतरला. त्या दिवसापासून बोरघाटांत चाक हें ओझें राहिलें नाहीं, निदान अठ्ठावीस वर्षें तरी.

कारण १८५८ सालीं तोच प्रश्न पुन्हां उभा राहिला, आणि तोही कितीतरी पटींनीं जड होऊन. आगगाडी १८५६ मध्यें खालीं खोपोलीपर्यंत आली होती. वर खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. मधला घाटांतला लोहमार्ग मात्र १८६३ च्या एप्रिलपर्यंत तयार नव्हता. उतारू हें अंतर पालखी, तट्टू वा बैलगाडी यांतून तोडीत. पण खंडाळ्यास जें इंजिन त्यांची वाट पाहत उभें असे, तें तेथें आलें कसें? सडकेखेरीज दुसरा मार्गच नव्हता. म्हणजे जें यंत्र पुढें शेंकडों खंडी माल ओढणार, त्यालाच प्रथम माल्कमच्या सडकेवरून माल म्हणून वर जावें लागलें. अशा ओझ्याची रीत सर्वत्र एकच असते. सुटे होतील तितके भाग सुटे करावयाचे; जड भाग गाड्याच्या मधोमध, आंसावर वजन सारखें पडेल असा ठेवावयाचा; आणि दोर असा बांधावयाचा कीं ओझें व गाडा मिळून एकच वस्तु व्हावी. वजन मागें पडलें कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून उचललें जातें. फार पुढें पडलें तर बैलांच्या माना मोडतात. खेड्यांतील कोणताही शेतकरी उंसाची गाडी भरतांना हाच विचार करतो. उताराला दोराचें दुसरें टोंक झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन सैल करीत जावयाचें. वेढ्यांतील घर्षणामुळें मूठभर माणसें मोठें ओझें आवरूं शकतात.

घाटांतील लोहमार्ग झाला तेव्हां हाच धोका रुळांवर आला. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरांत १,८३१ फूट चढावयाचे, कोठें कोठें सदतीसांत एक इतका चढ, आणि वाटेंत पंचवीस बोगदे. मध्यें रिव्हर्सिंग स्टेशनांत गाडीला दिशा बदलून जावें लागे. १८६९ च्या जानेवारींत एक गाडी उताराला आवरली नाहीं आणि या स्थानकाचा शेवट फोडून पलीकडे गेली. अशा निसटलेल्या गाडीसाठीं घाटांत चढते फांटे ठेवलेले असतात. तेथील सांधा नेहमीं फांट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी थांबली व ताब्यांत आहे अशी खात्री पटली म्हणजेच सांधेवाला तिला मुख्य मार्ग देतो. धोंडा घेऊन चाकामागें चालणाऱ्या माणसाचाच हा थोरला भाऊ. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्यें नवी वाट झाल्यावर बंद पडलें. चढते फांटे मात्र राहिले.

वाहनाच्या पाठीवर वाहन हें दृश्य आतां नित्याचें झालें आहे. कोंकण रेल्वेवर १९९९ पासून भरलेल्या मालमोटारी कोलाडहून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत सपाट डब्यांवरून नेल्या जातात. चाकणच्या कारखान्यांतील मोटारी दुमजली वाहनांवर चढून बंदराकडे निघतात आणि त्याच बोरघाटाच्या उतारावरून जातात. लोणावळ्याच्या डोंगरांत हौशी लोक ज्या रुंद टायरांच्या चारचाकी फटफट्या चिखलांतून पळवितात, त्याही टेम्पोच्या पाठीवर बसूनच घाट चढतात. कोठेंही जाऊं शकणारें म्हणून मिरविणारें हें वाहन हमरस्त्यावर मात्र दुसऱ्याचें ओझें असतें.

त्याला बांधण्याची रीत जुन्या रीतीहून फार वेगळी नाहीं. यंत्र बंद, हातब्रेक लावलेला, चाकांपुढें-मागें पाचरा, आणि चार कोंपऱ्यांना चार पट्टे चार दिशांस ताणलेले. पट्टा हँडलला किंवा नाजूक भागाला न अडकवितां मुख्य सांगाड्याला अडकवावा आणि स्प्रिंगा कांहींशा दबतील इतका आंवळावा. स्प्रिंग मोकळी राहिली तर प्रत्येक खड्ड्याला वाहन उसळतें, उसळल्यावर पट्टा क्षणभर सैल पडतो, आणि सैल पडलेला आंकडा निसटतो. युरोपांत प्रचलित असलेल्या नियमाप्रमाणें बंधन पुढच्या दिशेला ओझ्याच्या वजनाच्या आठदशांश आणि मागें व बाजूंना निम्म्या जोराला टिकावें लागतें. कारण सर्वांत मोठा झटका एकदम ब्रेक लावतांना पुढें बसतो. मोटारीमागें जोडलेल्या ट्रेलरवर वाहन न्यावयाचें असेल, तर वजन आंसाच्या किंचित् पुढें हवें. मागें गेलें कीं ट्रेलर उलाळ होऊन शेपटासारखा हलूं लागतो, आणि घाटाच्या उताराला तें हलणें हांकणाऱ्याला आवरत नाहीं. नवा पट्टा पहिल्या कांहीं मैलांतच थोडा ताणला जातो. म्हणून पुण्याकडून येणारा जाणता चालक खंडाळ्याअलीकडे, उतार सुरू होण्यापूर्वीं, गाडी कडेला घेतो आणि खालीं उतरून चारी पट्टे हातानें ओढून पाहतो.