हापूस आणि बदलतं हवामान : संशोधन, अंदाज आणि विमा यांची सांगड कशी घालावी?

रत्नागिरी : पावसाळा सरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, थंडी पडली की मोहोर येणार, हे हापूसचं जुनं वेळापत्रक आता दरवर्षी जुळेलच असं नाही. २०१९ ला 'क्यार' वादळाच्या वेळी ऑक्टोबरअखेरीसही पाऊस पडत होता. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात मंडणगड, दापोलीतली मोठमोठी कलमं मुळासकट उपटली गेली. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं ते ऐन हंगामात, झाडावर आंबा असताना. फवारणी, खत, राखण यावर वर्षभर पैसा घालणाऱ्या बागायतदाराचं सगळं गणित या दोन-तीन महिन्यांवर असतं.

संशोधन कोण करतं?

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र याच विद्यापीठाचं. हापूसला छळणारा साका ज्यात होत नाही ती 'रत्ना' जात (१९८१) आणि पातळ कोयीची 'सिंधू' (१९९२) या विद्यापीठाच्याच. भारतीय हवामान विभाग आणि विद्यापीठ मिळून कृषी हवामान सल्ला देतात. तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. 'मेघदूत' या मोबाईल ॲपवरही तो मराठीत वाचता येतो.

हवामान बिघडलं तर काय होतं, शिफारस काय?

• पाऊस लांबला : जमिनीत ओल राहते, झाड पालवी काढत बसतं आणि मोहोर मागे पडतो. मोहोर वेळेत यावा म्हणून १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान पॅक्लोब्युट्राझोल (कल्टार) देतात. प्रमाण झाडाच्या घेराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली. पुरेसं खत न घालता दरवर्षी नुसतं कल्टार दिलं तर झाड थकतं.

• ढगाळ हवा, अवकाळी पाऊस : मोहोरावर तुडतुडे, करपा, भुरी वाढते. फवारणीआधी अंदाज बघावा. फवारणी झाल्यावर पाऊस आला की औषध आणि मजुरी दोन्ही वाया.

• थंडी लांबली : कणी धरलेल्या फांदीवर परत मोहोर येतो आणि आधीची फळं गळतात. यासाठी जिबरेलिक ॲसिड १ ग्रॅम २० लिटर पाण्यात घेऊन दोन फवारण्या : एक मोहोर पूर्ण फुलल्यावर, दुसरी फळ वाटाण्याएवढं झाल्यावर.

• फेब्रुवारी-मार्चमध्येच उन्हाचा चटका : फळगळ होते, फळ भाजतं. पाण्याची सोय असेल तर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. बुंध्याभोवती गवताचं आच्छादन. फळ गोटी ते अंड्याएवढं असताना कागदी पिशवी घातली तर उन्हापासून आणि फळमाशीपासूनही बचाव होतो.

विम्याचं नीट समजून घ्या

पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत अवकाळी पाऊस, कमी किंवा जास्त तापमान, वेगाचा वारा हे धोके धरले आहेत. पण यांची भरपाई बागेत किती आंबा पडला यावर ठरत नाही. महसूल मंडळासाठी ठरवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रात काय नोंद झाली, त्यावर ठरते. खाडीकाठची बाग, कातळावरची बाग आणि डोंगरउतारावरची बाग एकाच मंडळात असली तरी हवा सारखी नसते. त्यामुळे बाग गेली तरी केंद्रावर आकडा लागला नाही, तर पैसे येत नाहीत.

म्हणून बागायतदाराने विमा भरतानाच आपल्या बागेसाठी कोणतं केंद्र धरलंय, ते कुठे आहे आणि कोणत्या आकड्याला भरपाई लागते, हे विचारून घ्यावं.

घरची वही

किमान-कमाल तापमापक आणि पर्जन्यमापक बागेत लावून रोजची नोंद वहीत ठेवावी. सोबत मोहोराची तारीख, फळधारणा, गळ आणि फवारणीही लिहावी. या वहीवर विमा मिळत नाही. पण आपल्या बागेची हवा केंद्रापेक्षा किती वेगळी चालते ते त्यातून कळतं. गावातल्या दहा-बारा जणांच्या वह्या एकसारखं दाखवत असतील, तर कृषी सहायकाकडे किंवा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे म्हणणं मांडताना हातात तारीखवार पुरावा राहतो. विद्यापीठाच्या प्रयोगाची बाग आणि गावातली बाग यांतला फरक शास्त्रज्ञांनाही अशाच नोंदींतून कळू शकतो.