वाड्याच्या दरवाजाचा वर्ण

पेशवाईतील वाड्याच्या महाद्वाराचा वर्ण मुख्यतः सागवानानेच ठरविलेला असे; कारण ज्या लाकडाच्या अंगी निसर्गतःच तेल आहे, त्यावर जवसाच्या तेलाचे हात फिरविले की ते तेल प्राणवायूशी संयोग पावून सुकते, आणि वर्षानुवर्षांच्या या परिचर्येने फळ्यांना जी गडद, गंभीर तपकिरी कांती चढते, तिची सर कोणत्याही लेपाला येत नाही, असे माझे ठाम मत आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहावा: १८२८च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले, तरी अणकुचीदार खिळ्यांचा तो दरवाजा आपल्या दरार्‍यासह टिकला.

रंग हवाच असेल, तर गेरू होता. लोहाचे ते प्राणिद उन्हाने विटत नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत डब्यातील तैलरंग आला. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेली निळी आणि एकोणिसाव्या शतकात प्रचारात आलेला क्रोमियमचा पिवळा यांच्या मिश्रणातून जो गर्द हिरवा साधला, तो दारे-खिडक्यांना शोभला हे मान्य करावेच लागेल. १९०२ साली हावड्यास रंगाचा मोठा कारखाना निघाल्यावर असा माल देशातच होऊ लागला. मात्र त्या जुन्या रंगांत शिशाचा सफेदा असे, म्हणून आज असे दार खरवडताना पृष्ठभाग ओला ठेवावा आणि भुकटी मुलांपासून दूर राखावी.