पेटीवरचे वॅट

दादरा-नगरहवेलीची गोष्ट निघाली की मराठी माणसाला सुधीर फडके आठवल्यावाचून राहत नाहीत. 1954 च्या 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात फडके स्वतः उतरले होते, आणि त्या कामी पैसा हवा म्हणून त्याच वर्षी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. दमणगंगेकाठच्या त्या गावाभोवती पुढे करसवलतींमुळे कारखाने उभे राहिले. त्यांपैकी एका कारखान्यात माझा भाचा नोकरीस आहे. मागच्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने नुकताच आणलेला पाच स्पीकरांचा संच मोठ्या कौतुकाने दाखविला. खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 3000 वॅट पी.एम.पी.ओ.

"मामा, तीन हजार वॅट!" तो म्हणाला.

मी चष्मा लावून यंत्राची मागची पट्टी वाचली. तेथे बारीक अक्षरांत विजेचा खप दिला होता, 60 वॅट. श्रोतेहो, साठ वॅट वीज घेणारे यंत्र अखंडपणे तीन हजार वॅट देऊ लागले, तर आपली धरणे आणि औष्णिक केंद्रे उद्याच बंद करता येतील! दुकानदाराचे म्हणणे असे, की हा आकडा एका क्षणाच्या उसळीचा आहे. परंतु तो क्षण किती लहान, त्या क्षणी आवाज किती फाटलेला, आणि तो मोजला कोणी, हे खोक्यावर कोठेही लिहिलेले नसते.

ही चलाखी आपल्याच बाजारातली आहे असे समजू नये. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेतही अँप्लिफायरच्या जाहिरातींतले वॅट असेच फुगले होते. अखेर तेथील व्यापार आयोगाने 1974 साली नियम केला. शक्तीचा आकडा छापायचा असेल, तर किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह तो मिळतो, हेही सांगितले पाहिजे. त्यातली गमतीची अट अशी, की मोजण्यापूर्वी यंत्र तासभर चालवून तापवावयाचे. थंड यंत्राची पहिली उडी हिशेबात धरावयाची नाही. हा नियम 2024 मध्ये पुन्हा कडक करण्यात आला.

नियमाने आकडा बांधता येतो, पण स्वराचे काय? तेथे पारखी लागतो, आणि पारख्याचे पोट कोण भरतो हा प्रश्न लगेच उभा राहतो. गॉर्डन होल्ट या समीक्षकाने जाहिरातदारांची मर्जी राखणाऱ्या मासिकातील नोकरी सोडून 1962 साली 'स्टिरिओफाइल' हे स्वतःचे नियतकालिक काढले, ते याच कारणासाठी. त्याहून जुनी संस्था म्हणजे 1936 साली स्थापन झालेली कन्झ्यूमर्स युनियन. जाहिरात घ्यावयाची नाही, कारखानदाराने धाडलेला नमुना स्वीकारावयाचा नाही, साध्या गिऱ्हाइकाप्रमाणे दुकानात जाऊन रोख पैशाने वस्तू आणावयाची, असा तिचा दंडक.

या संस्थेची एक कथा आपल्याला विशेष जवळची आहे. कलकत्त्याहून अमेरिकेत आश्रयास गेलेल्या एका बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा अमर बोस. त्यांनी 1964 साली कंपनी काढली आणि 1968 मध्ये '901' हा स्पीकर बाजारात आणला. त्याच्या पेटीत नऊ कर्णे होते. त्यांतला एक श्रोत्याकडे आणि आठ मागे भिंतीकडे. 1970 च्या मे महिन्यात कन्झ्यूमर्स युनियनच्या मासिकाने लिहिले, की यातून वाद्यांचा आवाज खोलीभर हिंडल्यासारखा वाटतो. बोस यांनी दावा लावला. चाचणी करणाऱ्याला प्रत्यक्षात आवाज दोन स्पीकरांमधल्या भिंतीलगत सरकताना ऐकू आला होता, 'खोलीभर' नव्हे, असे खालच्या न्यायालयास दिसून आले आणि त्याने लाखाहून अधिक डॉलरांची भरपाई फर्माविली. एका शब्दासाठी! वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तेच कायम केले. चुकीचा शब्द निवडणे म्हणजे जाणूनबुजून खोटे बोलणे नव्हे, असा त्याचा आशय. मात्र एका परिच्छेदाचा निकाल लागण्यास चौदा वर्षे गेली, आणि एवढा खर्च सोसणारे समीक्षक जगात किती असतील? माझे मत विचाराल तर बोस यांचे दुखणे अगदीच निराधार नव्हते. शब्द सैल होता खरा. परंतु त्यांचा दावा टिकता, तर पुढे कोणी स्पष्ट लिहिण्यास धजावले नसते.

प्रामाणिक कानही फसतो, ही निराळीच अडचण आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली एकाच कंपनीतील कर्मचाऱ्यांना काही स्पीकर एकदा दिसतील असे ऐकविले आणि एकदा पडद्याआडून. डोळ्यांदेखत लहानशा, स्वस्त संचाला मिळालेले गुण कमी होते, आणि पडद्याआड तोच संच वर चढला. कोणी लाच दिली नव्हती. डोळ्यांनीच कानांना पढविले होते.

आपल्याकडे हे काम प्रथम अंगावर घेतले ते स्त्रियांनी. 1966 साली मुंबईत नऊ गृहिणींनी कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी स्थापिली आणि 'कीमत' हे नियतकालिक चालविले. अहमदाबादेत 1978 साली, दिल्लीत 1983 साली अशा संस्था निघाल्या. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सदोष वस्तूचा नमुना प्रयोगशाळेत धाडण्याचा अधिकार ग्राहक मंचांना दिला. तथापि तेल-तुपाची भेसळ जितक्या नेटाने तपासली गेली, तितक्या नेटाने आवाजाची भेसळ कोणी तपासली नाही. दूरचित्रवाणी संच आणि अँप्लिफायर यांना 2012 च्या आदेशाने नोंदणी सक्तीची झाली, पण ती सुरक्षिततेची. यंत्राने झटका बसणार नाही, आग लागणार नाही, एवढीच त्याची हमी; त्यातून भीमसेनांचा षड्ज कसा येईल याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही.

भाच्याला हे सारे सांगितले, पण त्याचा चेहरा काही उजळला नाही. तेव्हा आम्ही घरातले दिवे, पंखे, शीतकपाट सारे बंद केले आणि विजेच्या मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहिलो. मीटरवर लिहिले होते, तांबडा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तीन हजार वॅट खरोखरच वाहत असते, तर मिनिटाला एकशेसाठ लुकलुकी दिसली असती. संच पूर्ण आवाजात लावला. पहिल्या मिनिटात दिवा दोनदा लुकलुकला, दुसऱ्यात तीनदा. तिसरे मिनिट संपण्यापूर्वी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आवाज कमी करा म्हणून सांगायला खाली आले.